शुक्रवारचा अनोळखी नंबर

थेरगाव
रविवार, दुपार

प्रिय ज्योतीराम,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत लिहिते की इथं सगळे धडधाकट आहेत. तुझ्या दाजींच्या हातून हे पाठवतेय. आत काय आहे ते त्यांना माहीत नाही, आणि ‘ज्योतीरामच्याच हातात द्या’ एवढं सांगितल्यावर त्यांनी विचारलंही नाही. डांगे चौकातून बस धरली की पाऊण तासात मी भोसरीत तुझ्या दारात उभी राहते, आणि तरी कागद काढून बसलेय, यावरून तुला काय समजायचं ते समज. गेल्या आठवड्यात तीनदा तुझ्याकडं यायला निघाले. एकदा तर नाशिक फाट्यापर्यंत आले, तिथं उतरले, स्टॉपवर बसले आणि उलट्या बसनं घरी आले. मोबाईलवर बोलून पाठवावं म्हटलं, तर चार वेळा रेकॉर्ड केलं आणि चारही वेळा माझाच आवाज मला सहन झाला नाही.

तुझा नवा पाय कसा आहे? वरचा पट्टा अजून घासतो का? त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की सुरुवातीला दोन तासांच्या वर घालायचा नाही, आणि तू हट्टानं दिवसभर घालून हापिसात बसतोस हे मला कळलंय. आईनं सांगितलं. खुर्चीत बसून रस्त्यावरच्या ड्रायव्हरांना फोन करायचे, कुठं पोचला, जेवला का, पुढं रस्ता कसा आहे, हे काम तुला आवडतं की नाही ते तू बोलत नाहीस. आवडत नसणार. अठरा चाकांची गाडी घाटातून उतरवणारा माणूस तू. पण आई म्हणते, फोनवर तू त्या पोरांशी फार मायेनं बोलतोस.

माझं चाललंय नेहमीचं. चाकणला त्याच टेबलावर बारा वर्षं. पार्ट उचलायचा, मापाच्या गेजमध्ये घालायचा, बसला तर पास, नाही बसला तर लाल पेटीत. दिवसाला हजार-बाराशे. आता हात आपोआप चालतो. पूर्वी मला या कामाचा अभिमान होता. घरातही कुणाला काही तपासून घ्यायचं असलं की जयमालाला विचारा म्हणायचे. भाजीवाल्याचा काटा, तुझ्या दीक्षाच्या शाळेचा फॉर्म, आईच्या गोळ्यांची तारीख. हे असं आपल्याबद्दल बोललेलं ऐकायला माणसाला गोड लागतं. त्या गोडीबद्दलच थोडं लिहायचंय.

तुला कारगिलच्या वेळचं आठवत नसेल, पाच वर्षांचा होतास. मी बारा-तेराची. आपल्या गावात तेव्हा संध्याकाळी सातला रेडिओ लागायचा, आणि पाटलांच्या ओट्यावर आपल्या आप्पांसह दहा-पंधरा माणसं गप्प बसून ऐकायची. बातम्या संपल्या की रेडिओ बंद. मग दुसऱ्या दिवशी सातपर्यंत युद्ध आपल्या गावात नसायचं. गावातला एक मुलगा तिकडं होता, त्याची आई सातला देवापुढं दिवा लावून आत बसायची आणि साडेसातला कुणीतरी जाऊन ‘काही नाही’ म्हणून सांगायचं, की ती चूल पेटवायची. भीती दिवसातून एकदा यायची आणि जेवायच्या आधी निघून जायची. त्या बातम्या खऱ्या होत्या की खोट्या, हे आमच्यातल्या कुणी कधी विचारलं नाही. मे महिन्यात मला त्या बाईची फार आठवण आली.

तू महाराष्ट्र दिनाच्या दुसऱ्या दिवशी निघालास. ट्रेलरवर खालीवर मिळून आठ नव्या गाड्या, माल जम्मूला. काश्मीरमधल्या त्या हल्ल्यानंतर वातावरण तापलेलंच होतं, तुझी स्वरूपा नको म्हणत होती, आणि तू हसून म्हणालास की गाड्या उतरवायच्या आणि परत फिरायचं, एवढंच तर आहे. तू गेल्यावर बुधवारी सकाळी आम्ही उठलो ती मोबाईलच्या आवाजानं. आपल्या विमानांनी पलीकडं हल्ला केल्याची बातमी होती, ती खरी होती. पण तिच्या मागून जे सुरू झालं ते तुला तिकडं रस्त्यावर कळलं नसेल. दर दोन मिनिटाला काहीतरी. चाकणच्या कंपन्या त्यांच्या यादीत आहेत. भोसरीच्या पाण्याच्या टाकीत विष टाकलंय, पाणी पिऊ नका. आज दिवे लावू नका, वरून दिसतं. अमुक फाईल उघडली की फोन फुटतो. पुन्हा पुन्हा तोच सायरन, त्याच्यावर तोच एक घोगरा माणूस बोलतोय. डांगे चौकात पेट्रोलला रांग लागली ती पार पुलापर्यंत. आमच्या शेजारच्या शालनबाईंनी पाणी प्यायचं सोडलं आणि दुपारी चक्कर येऊन पडल्या. मी स्वतः दीक्षाला शाळेतून आणायला स्वरूपाला फोन केला. नंतर कळलं शाळेला सुट्टीच होती. इतकी माझी मती गेली होती.

मग त्याच दुपारी तो व्हिडिओ आला. जळणारा ट्रेलर, वर गाड्या, रस्त्यावर लोक पळतायत, आणि खाली लिहिलेलं, ‘जम्मू हायवे, महाराष्ट्राची गाडी, ड्रायव्हर जागीच’. तुमच्या गल्लीतल्या सगळ्या मोबाईलवर तो एकदमच पोचला. आईनं बघितला आणि ती उंबऱ्यातच बसली. स्वरूपानं मला कंपनीत फोन केला, तेव्हा तिनं ‘मोबाईलवर बघा’ एवढंच म्हटलं, मागनं नुसता बायकांचा रडण्याचा आवाज. मी सुपरवायझरला सांगून बाथरूममध्ये गेले आणि तो व्हिडिओ लावला. मी तो एकदा, दोनदा, दहादा बघितला, पार्ट बघते तसा. आणि मला दिसलं की रस्त्याकडेला नारळाची झाडं आहेत. पाटीवरची अक्षरं दक्षिणेकडची. मग शोधत गेले तर तोच व्हिडिओ तीन वर्षांपूर्वीचा निघाला, कुठल्यातरी घाटातला अपघात. मी रिक्षा करून भोसरीला आले, गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले आणि सगळ्यांना ती नारळाची झाडं दाखवली. आईनं माझे दोन्ही हात धरून तोंडावर फिरवले. तासाभरानं तुझा फोन आला की पंजाबात आहे, जेवतोय.

त्या संध्याकाळपासून मी मोठी झाले, ज्योतीराम. गल्लीतल्या बायका मोबाईल घेऊन माझ्याकडं यायला लागल्या. अक्का, हे बघा. अक्का, हे खरं का. वर्कशॉपातली पोरंसुद्धा यायची. मी एकेक बघायची आणि म्हणायची, खोटं, पुसून टाक. खोटं. हेही खोटं. बहुतेक खोटंच असायचं. गुरुवारी मी सुट्टी टाकली आणि तुमच्याकडंच राहिले. आतून मी फार घाबरलेली होते, पण ‘खोटं’ म्हटलं की दोन मिनिटं बरं वाटायचं. तो शब्द मला औषधासारखा लागला होता. कंपनीनंही सगळ्यांना बजावलं होतं की अनोळखी नंबर उचलू नका, कुणाला आधार कार्ड पाठवू नका, युद्धाच्या नावाखाली लोक लुबाडतायत. ते बजावणं बरोबरच होतं.

गुरुवारी संध्याकाळी तुझा शेवटचा फोन आला. सांबाच्या अलीकडं पोलिसांनी सगळ्या गाड्या कडेला लावल्यात, दिवे बंद करायला सांगितलेत, आकाशात काहीतरी चमकतंय, पण काळजी करू नका. तुझा आवाज बारीक झाला होता. स्वरूपा म्हणाली, गाडीतनं खाली उतरू नका. तू हो म्हणालास. त्यानंतर तुझा फोन बंद. ट्रान्सपोर्टच्या हापिसात विचारलं तर ते म्हणाले, गाडी मॅपवर दिसते, जागची हललेली नाही, तिकडं सगळ्यांचेच फोन लागत नाहीत. ते आम्हाला पटलं. तू अंधारात लघवीला उतरला होतास आणि बिनदिव्याच्या एका टेम्पोनं तुझा पाय चिरडला होता, तुझ्या फोनचा चुरा झाला होता, हे तेव्हा या जगात फक्त एकाच माणसाला माहीत होतं, आणि त्याला तुझं नावही माहीत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी साडेनऊ-दहाला स्वरूपा डब्यांच्या पोळ्या लाटत होती. हात पिठानं भरलेले. मोबाईल वाजला तशी म्हणाली, अक्का, बघा की कुणाचा आहे. अनोळखी नंबरवरून हिंदीत मेसेज होता. हे मुश्ताकभाई, हे तुला आज ठाऊक आहे. त्यांचं रस्त्यावर पंक्चरचं दुकान आहे, त्यांनीच तुला उचलून दवाखान्यात नेलं, आणि अर्धवट शुद्धीत तू जो एक नंबर पुटपुटलास त्यावर त्यांनी हा मेसेज पाठवला, हे सगळं आपल्याला नंतर कळलं. मेसेजमध्ये लिहिलं होतं की हा माणूस तुमचा असेल तर लगेच बोला, इथल्या छोट्या दवाखान्यात पायाचं काही होत नाही, दुपारी एक ॲम्ब्युलन्स जखमींना घेऊन मोठ्या दवाखान्यात जाणार आहे, घरच्यांचा होकार आणि आधार कार्डाचा फोटो हवा. सोबत एक फोटो. खाटेवर एक माणूस, डोक्याला पट्टी, तोंड सुजलेलं, अंगात दुसऱ्याच कुणाचा तरी शर्ट. आणि त्याच्याजवळ वाकून स्वतः मुश्ताकभाई. आम्हाला भरवसा वाटावा म्हणून त्यांनी स्वतःला मुद्दाम फोटोत घेतलं होतं.

मी तो फोटो मोठा करून बघितला. तुझं तांब्याचं कडं तू उजव्या हातात घालतोस. फोटोतल्या माणसाच्या डाव्या हातात होतं. मी म्हटलं, हा ज्योतीराम नाही. कुणाचा तरी फोटो घेऊन त्याच्यावर कडं चिकटवलंय, हल्ली काहीही करता येतं, आणि आधार कार्ड मागतोय म्हणजे उघडच आहे. तो नंबर ब्लॉक झाला, मेसेज पुसला गेला. आईला काही सांगायचं नाही असं ठरलं. स्वरूपानं राहिलेल्या पोळ्या केल्या, डबे भरले. शनिवारी संध्याकाळी लढाई थांबल्याची बातमी आली. तीही आधी मी खोटीच म्हटली. मग खाली पोरांनी फटाके लावले, आईनं देवापुढं साखर ठेवली, आणि आम्ही म्हटलं की आता रेंज येईल, आता तुझा फोन येईल. त्याच संध्याकाळी तिकडं तुझा पाय गुडघ्याखाली कापला.

रविवारी पोलिसांनी ट्रेलरच्या नंबरवरून हापिसाला शोधलं, हापिसानं आम्हाला. दाजी आणि हापिसातला एक माणूस रेल्वेनं तिकडं आले. दाजींनी पहिला फोन केला तेव्हा मी एकच विचारलं, कडं कुठल्या हातात आहे. त्यांना वाटलं माझं डोकं फिरलं. उजव्या हातात आहे, म्हणाले. चार दिवसांनी कंपनीत बायका सेल्फी काढत होत्या, मलाही ओढून घेतलं. फोटो बघितला तर माझं घड्याळ उजव्या हातात दिसत होतं. सेल्फीच्या त्या कॅमेऱ्यात सगळं उलटं येतं, आणि मुश्ताकभाईंचा फोटोही सेल्फीच होता. मी तिथं टेबलावर डोकं ठेवलं आणि उठलेच नाही. बायकांना वाटलं, भावाच्या दुःखानं असेल.

शुक्रवारी दुपारी तुला हलवलं असतं तर पाय वाचला असता का, हे मी दाजींकरवी दोन डॉक्टरांना विचारलंय. एक म्हणाले, कदाचित. दुसरे म्हणाले, नसताच वाचला, हाडाचा भुगा झाला होता. हे तुझ्यापासून लपवत नाही, आणि दुसऱ्या डॉक्टरांच्या आड उभीही राहत नाही.

इतके महिने तू एवढंच धरून होतास की फोन लागले नाहीत, लढाई होती. आम्हीही तसंच राहू दिलं. मग मागच्या रविवारी आपण सगळे भोसरीत तुझ्या खोलीत बसलो होतो, मी मेथी निवडत होते, आणि मुश्ताकभाईंचा व्हिडिओ कॉल आला. तुझा नवा पाय बघून त्यांना किती आनंद झाला. आणि बोलता बोलता ते सहज हसत म्हणाले की भाभींनी तर मला ब्लॉकच केलं होतं, दोन दिवस लावत होतो. त्यांच्या मनात काही नव्हतं. तू फोन ठेवलास आणि स्वरूपाकडं बघितलंस. तिला विचारलंस, खरं का. पुन्हा विचारलंस. ती ओट्याकडं तोंड करून उभी राहिली. मग तू माझ्याकडं वळून म्हणालास, “त्या दिवशी फोन अक्काच्या हातात असता, तर आज मी दोन पायांवर असतो.”

मी मेथी निवडत राहिले. देठ आणि पानं एकाच टोपलीत टाकत होते.

वर मी लिहिलंय की नंबर ब्लॉक झाला, मेसेज पुसला गेला. आपोआप काही झालं नाही, ज्योतीराम. फोन माझ्याच हातात होता. स्वरूपानं फोटो बघितला त्या क्षणी तिचं लाटणं खाली पडलं. ती म्हणाली, “अक्का, हे तेच हायेत. माझा माणूस मला वळखू येत न्हाई व्हय?” पिठाच्या हातानं ती फोन घ्यायला आली आणि मी तो पाठीमागं धरला. तिला म्हटलं, तू घाबरलीयस, तुला सगळीकडं तोच दिसतोय. तिच्यादेखत नंबर ब्लॉक केला, फोटो पुसला, आणि तिला दीक्षाची शपथ घातली की आईला बोलायचं नाही. शनिवारी सकाळी तिनं पुन्हा विचारलं, एकदा तो नंबर लावून बघू का, नुसता आवाज ऐकते. तेव्हा मी तिला रागावले. नंबर कसा सोडवायचा तेही तिला येत नव्हतं. दोन दिवस ती माझ्या तोंडाकडं बघत होती, ज्या माणसानं नारळाची झाडं ओळखली त्याला आपला नवरा कसा ओळखू येणार नाही, या भरवशावर.

आणि कड्याचंही पूर्ण खरं सांगते, कारण अर्धं सांगायचं असतं तर इतका कागद कशाला खरडला असता. कडं मी नंतर बघितलं. आधी मी नाव वाचलं. नंबरासमोर ‘मुश्ताक’ लिहिलेलं होतं. त्या चार दिवसांत अशा नावांच्या माणसांबद्दल ग्रुपवर जे काय काय येत होतं, ते मीच लोकांना खोटं म्हणून पुसायला लावत होते. मोबाईलमधून पुसलं, पण माझ्या आत ते कुठंतरी उरलंच होतं. नाव वाचलं तेव्हाच माझं ठरलं होतं की हा माणूस खोटा. मग फोटोत खोट शोधत बसले, आणि शोधणाऱ्याला ती सापडतेच. तिथं दुसरं कुठलं नाव असतं, तर मी निदान एक फोन लावला असता. हे मी कुणालाच बोलले नव्हते. स्वरूपालाही नाही.

काल मी मुश्ताकभाईंना फोन केला. नंबर दाजींकडून घेतला. म्हटलं, ब्लॉक मी केलं होतं, स्वरूपानं नाही, आणि का केलं तेही सांगितलं. ते म्हणाले, “दीदी, उन दिनों मैं भी डरा हुआ था. किसी अनजान को दुकान में बैठने नहीं देता था.” मग त्यांनी तुझ्या पायाच्या पट्ट्याचं विचारलं. मला ओरडले असते तर बरं झालं असतं.

तू परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात स्वरूपा मला म्हणाली होती, त्यांना सांगू नका. तुम्ही त्यांना आईच्या जागी, पाय गेलाय, आता तुम्हीबी जाऊ नका. मी तिचं ऐकलं. तिच्यावर उपकार केल्यासारखं तोंड करून ऐकलं. खरं म्हणजे मला माझी भीती वाटत होती, तुझ्या डोळ्यांची भीती वाटत होती, आणि ती बाई माझ्यापुढं उभी राहून ते सगळं आपल्या अंगावर घेत होती. मागच्या रविवारीही तिनं तेच केलं.

बुधवारी ती दीक्षाला घेऊन माजलगावला माहेरी गेली. आईनं मला सांगितलं की तू तिला अडवलं नाहीस, आणि आईला म्हणालास की जिनं मला मरायला सोडलं तिला आणायला मी जाणार नाही. ज्योतीराम, या सगळ्या घरात त्या दिवशी तुला ओळखणारं एकच माणूस होतं, आणि तेच तू बाहेर काढलंस. म्हणून हे पत्र. स्वरूपाला मी आज सकाळी सांगितलं की मी ज्योतीरामला सगळं लिहितेय, तर ती फोनवर रडली आणि नको म्हणाली. या वेळी मी तिचं ऐकलं नाही. तू हे वाचतोयस तेव्हा दाजी तुमच्या जिन्याखाली थांबलेत, त्यांनी आज रात्रीची माजलगावची दोन तिकिटं काढलीत, एक त्यांचं, एक तुझं. कशासाठी तेही त्यांना माहीत नाही, नुसतं काढा म्हटलं. मला फोन करू नकोस, उत्तरही लिहू नकोस. माझ्याशी बोलायचं की नाही ते तुझं तू सावकाश ठरव, कितीही दिवस लाव, मी विचारायला येणार नाही. मी फार घाबरलेय, पण ते माझं मी बघेन. तू पाय घाल आणि खाली उतर.

तुझीच,
अक्का